आधी एक, मग दोन

शालू अकोल्याच्या कापसाच्या जिनात लागली तेव्हा मी अमरावतीच्या जिनात होतो. दोन्हींचा मालक एकच. तिच्या घरात महिन्याचा पगार आणणारं ती पहिलंच माणूस, आणि नोकरी अजून कच्ची होती. काम सोपं होतं. शंभर तोळे कापसातून सरकी काढल्यावर किती तोळे रुई निघाली ते तिनं फोनवर कळवायचं आणि मी लिहून घ्यायचं. ज्याची रुई जास्त, त्याची सरकी पेरायला ठेवायची.

फोनवर भजी तळल्यासारखा आवाज यायचा. बोलणं कळायचं नाही, पण पेन्सिलीचे ठोके स्वच्छ कळायचे. म्हणून आकडे ठोक्यांनीच द्यायचं ठरलं.

पहिल्याच दिवशी सहा ठोके आले, मग तीन. मी त्रेसष्ट लिहिले. आमचे मॅनेजर खुशालराव खुर्चीतून उठले.

"त्रेसष्ट! अबे देवमन, कापूस हाये का भरलेली गादी?"

त्यांनी साऱ्या जिनाला चहा पाजला. चहा संपायच्या आत दुसरा आकडा आला. एक ठोका, मग चार. चौदा.

खुशालरावांचा कप खाली आला. "ही पोरगी तोलून राहिली का गोट्या खेळून राहिली? चौदावाला कापूस फेक म्हणा. अन् तिलेही सांगून ये, उद्यापासून येऊ नको."

मी अकोल्याला गेलो. शालू तराजूपाशी होती.

"त्रेसष्ट कसे आले तुमचे?" मी विचारलं.

"कोणाचे? माहे छत्तीस हायेत!"

तिनं रुई पुन्हा तोलली. पारड्यात दहा तोळ्यांची तीन वजनं, त्यांच्यावर एक-एक तोळ्याची सहा. मग ती वजनं उतरवायला लागली आणि प्रत्येकाला एक ठोका द्यायला लागली. आधी लहान सहा, मग मोठी तीन.

"लहान आधी काऊन?"

"मोठी आधी ओढली तं वरची घरंगळतात न!"

"पण सारं जग मोठा आकडा आधी लिहिते."

"जगानं माहा तराजू पाह्यला नाही."

म्हणजे चौदा नव्हते, एक्केचाळीस होते! सगळ्यात चांगला कापूस आम्ही फेकायला निघालो होतो. मला हसू आवरेना, मग तिलाही आवरेना.

"मी काही सवय मोडत नाही," ती म्हणाली. "रोज आधी बाराचे ठोके देते. तुमाले एकवीस आले तं सारं उलटं लिहा."

तो कापूस घेऊन मी परतलो. खुशालरावांनी त्याची रुई स्वतः तोलली. एक्केचाळीस. मग झोकात मोठं वजन आधी उचललं. लहान वजन टेबलाखाली पळालं आणि मॅनेजरसाहेब त्याच्या मागं रांगत गेले. खालूनच ओरडले, "राहू दे त्या पोरीले!"

पुढं आमचं लग्न झालं. घरी आलो की मी दारावर एक ठोका द्यायचो, मग दोन. आतून ती आधी दोन द्यायची, मग एक.

आता कुलूप मीच उघडतो, पण ठोके देतो. शेजारच्या मैनाबाई रोज म्हणायच्या, "भाऊ, घरात कोणी नाही, ठोकता काऊन?"

काल त्यांनी काही विचारलं नाही. आपल्या भिंतीवर दोन ठोके दिले, मग एक. मी किल्ली हातात घेऊन ओट्यावर बसलो आणि पोट दुखेपर्यंत हसलो.