चोवीस गोल तुकडे

घरी पाहुणे येणार म्हटलं की आपण घर आवरायला लागतो. त्या घरात मात्र पाहुणे येणार म्हटलं की आधी छोटीचं काय करायचं, याची चिंता सुरू व्हायची.

छोटी अडतीस वर्षांची होती. शेंडेफळ म्हणून पडलेलं नाव तसंच राहून गेलं. ती चार वर्षांची असताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, की मुलीला स्वमग्नता आहे. ती मोजकं बोलायची, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायची, कुणाच्या डोळ्यांत बघायची नाही. पण इस्त्री करावी तर छोटीनेच! घरातला प्रत्येक कपडा तिच्या हातून जायचा आणि दादाच्या शर्टाच्या कॉलरवर तिने आजवर एक सुरकुती राहू दिली नव्हती.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. बाजारपेठेत त्याचं श्रवणयंत्रांचं लहानसं दुकान होतं. कानाला यंत्र बसवायचं आणि त्याचा आवाज ज्याच्या त्याच्या कानाला सोसेल असा लावून द्यायचा, हे काम तो बावीस वर्षं करत होता. दुकानात त्याचा आवाज कधी चढत नसे. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला एकच गोष्ट पाच वेळा सांगतानाही नाही.

घरी मात्र चढायचा.

आठ महिन्यांपूर्वी आई गेली आणि दादाने घराचा कायापालट करायचं मनावर घेतलं. भिंती रंगवल्या. आईच्या वेळचे जाड, विटलेले पडदे काढून टाकले. छताला पांढरेशुभ्र, लख्ख दिवे लावले. दारावर नवी घंटा बसवली. जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्यांना पॉलिश करून घेतलं, आणि त्यांच्या पायांखाली आईने चिकटवून ठेवलेल्या लोकरीच्या गोल चिंध्या सुरीने खरवडून काढल्या.

"काय हे गबाळं! माणसांच्या घरात शोभतं का?"

"आईंनी काहीतरी विचार करूनच लावल्या असतील," त्याची बायको म्हणाली. छोटी तिला वहिनी म्हणे आणि तिच्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरे.

"विचार कसला? हौस!"

त्यानंतर छोटी बिघडत गेली, असं दादाचं मत झालं. पूर्वी दोन-तीन महिन्यांतून कधीतरी ती कान दाबून किंचाळायची. आता आठवड्यातून दोनदा. "आईने लाडावून ठेवलं, त्याची फळं आहेत ही," तो म्हणायचा. आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हाही त्याने हेच तिला तोंडावर ऐकवलं होतं. आई एवढंच म्हणाली होती, "ती हट्ट करत नाही रे. तिला दुखतं." त्याने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं.

मग तो रविवार आला. मामा-मामी रंगवलेलं घर बघायला आले. मामांचा आवाज असा, की ते एका घरात बोलले की शेजारच्या दोन घरांना वेगळं सांगायची गरज पडायची नाही.

"अरे वा रे पठ्ठ्या! दिवे आहेत का काय हे! घराचा दवाखाना केलास की!" मामा स्वतःच्याच विनोदावर गडगडाटी हसले.

त्याच वेळी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मामींनी चहात साखर ढवळायला घेतली. जेवायला बसायचं म्हणून चारही जणांनी खुर्च्या ओढल्या, आणि फरशीवर लाकडाचे उघडे पाय करकरत गेले. छोटीने आपले दोन्ही तळवे कानांवर दाबले.

"पुरे," ती म्हणाली. "पुरे, पुरे, पुरे."

"आमचं येणं आवडलेलं दिसत नाही हिला," मामी हसत म्हणाल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं, पण दादाला ते झोंबलं.

"छोटे, हात खाली कर. माणसं आली आहेत."

"पुरे, पुरे..."

"हात खाली कर म्हणतो ना!" आणि त्याने तिची दोन्ही मनगटं धरून हात कानांवरून खाली ओढले.

मग जे झालं, ते सांगतानाही संकोच वाटतो. छोटी किंचाळली. टेबलावरची ताटली भिंतीवर आदळली. तिने स्वतःच्या मनगटाला कडकडून चावा घेतला आणि ती डोकं भिंतीवर आपटायला लागली. वहिनी उशी घेऊन धावली. आणि दादाने, दुकानात ज्याचा आवाज कधी चढत नसे त्या दादाने, "नाटकं बंद कर!" असं ओरडत बहिणीच्या थोबाडीत मारली.

पाहुणे न जेवताच निघाले. दारात मामा पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "तू तरी कुठवर सोसणार रे? अशांसाठी संस्था असतात."

सोमवारी सकाळी दादाने एका निवासी संस्थेचा अर्ज भरला. 'प्रवेशाचे कारण' या रकान्यात त्याने लिहिलं, 'हट्टी व हिंसक स्वभाव'. गुरुवारी घेऊन या, असं फोनवर उत्तर मिळालं.

"अहो, एकदा तिला विचारा तरी," वहिनी म्हणाली.

"तिला काय कळतंय?"

असं म्हणून त्याने कपाटातून शर्ट काढला. शर्टाला इस्त्री होती. मनगटाला पट्टी बांधलेल्या हाताने छोटीने ती सकाळीच केली होती. दादाने ते पाहिलं. बटणं लावून दुकानात निघून गेला.

बुधवारी दुपारी दुकानाचं दार उघडून एक आजी आत आल्या. त्यांचं सारं आयुष्य एका कचेरीत टंकलेखन करण्यात गेलं होतं. एका खोलीत वीस यंत्रं खडखडत असायची, त्यात त्यांचे कान गेले. आठच दिवसांपूर्वी त्यांनी दादाकडून श्रवणयंत्र नेलं होतं. त्यांनी कानातून ते काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"हे घ्या तुमचं यंत्र. आणि माझं बहिरेपण मला परत द्या!"

दादाला हसू आलं. "काय झालं आजी? ऐकू येत नाही का?"

"काय म्हणालात?"

"ऐकू येत नाही का?" तो मोठ्याने म्हणाला.

"येतं ना, तीच तर तक्रार आहे! सून बोलते ते येतं, चमचा पडतो तो येतो, पंखा, नळ, वर्तमानपत्राचं पान, सगळं एकाच मापाने येतं. पान उलटलं की वाटतं कुणी पत्रा फाडतंय. काल नातू हसला हो, नुसता हसला, आणि मी त्या पोराच्या अंगावर खेकसले. मग आतल्या खोलीत जाऊन, कान झाकून रडत बसले. या वयात!"

"आवाज तुम्हीच वाढवलात ना?"

"वाढवला. एवढं यंत्र घेतलंय, तर पूर्ण नको वापरायला?"

दादाने खुर्ची जवळ ओढली आणि बावीस वर्षं तो जे सांगत आला होता, ते त्यांच्या कानाशी मोठ्याने सांगायला लागला. "आजी, यात तुमचा काही दोष नाही. कान सगळंच ऐकतो. त्यातलं घ्यायचं काय आणि सोडायचं काय, हे मेंदू निवडतो. ती निवड झाली नाही, की सगळं एकदम अंगावर येतं. माणूस चिडतो, रडतो. घरच्यांना सांगा, एका वेळी एकानेच बोला. घर जरा शांत ठेवा. आणि तुम्हाला असह्य झालं, तर कुणी जबरदस्ती करू नका म्हणावं."

"किती गोड समजावता हो! तुमच्या घरी कुणी कानाने अधू असेल, तर ते माणूस भाग्याचं."

"घरी तसं कुणी नाही." तो थांबला. कुणाला तरी सांगावं असं त्याला आठ महिन्यांत पहिल्यांदाच वाटलं. तो हळू आवाजात म्हणाला, "एक बहीण आहे. तिचे कान उत्तम आहेत. पण ती कान झाकून ओरडते."

"जरा मोठ्याने बोला. यंत्र काढलंय मी."

दादाने दाराकडे पाहिलं. मग मान खाली घालून तो मोठ्याने म्हणाला, "माझी बहीण कान झाकून ओरडते! उद्या तिला संस्थेत सोडायला निघालोय!"

स्वतःचंच वाक्य त्या लहानशा दुकानात त्याला फार मोठं वाटलं.

आजी पुढे झुकल्या. "कान झाकते? काल मीही झाकले." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कधी हे घालून बघितलंय का? आवाज पूर्ण वाढवून?"

"मला कशाला? मला ऐकू येतं."

"तिलाही येतंच की. बघा तरी घालून. मी बसलेय."

म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये, म्हणून दादाने कपाटातली दोन यंत्रं काढली, दोन्ही कानांत बसवली आणि आवाज वाढवला. पंखा घरघरायला लागला. आजींनी समोरच्या कपात चमचा फिरवला, तो थेट दातांत शिरला. शेजारच्या दुकानदाराने लोखंडी दार वर ढकललं. रस्त्यावर कुणीतरी भोंगा वाजवला. आजींच्या हातातल्या पिशवीचा कागद चुरगळला, आणि त्यातच त्या काहीतरी बोलत होत्या, पण काय, ते समजेना! एक मिनिटही झालं नसेल. त्याचे दोन्ही हात आपोआप कानांवर गेले.

गिऱ्हाइकांनी यंत्र नीट बसलंय का ते पाहावं, म्हणून तिथे एक आरसा ठेवलेला असे. दादाची नजर त्यात गेली. आवळलेले ओठ, मिटायला आलेले डोळे, बाहेर आलेली दोन कोपरं. ही तर छोटीच!

आणि त्या क्षणी कुणी येऊन आपले हात खाली ओढले असते तर? वर थोबाडीत दिली असती तर?

त्याने यंत्रं उपटून काढली.

"मी टायपिस्ट बाई," आजी सावकाश म्हणाल्या. "तुमच्या बहिणीच्या डोक्यात काय चालतं, ते मला नाही सांगता येणार. ते तिच्याइतकं कुणालाच माहीत नसेल. पण तुम्हाला यंत्र काढता आलं. मलाही काढता येतं. तिने काय काढून ठेवायचं?"

"पण ती पूर्वी इतकी करत नव्हती हो," दादा म्हणाला. "आई होती तोवर..." आणि तो मध्येच थांबला.

जाड पडदे. मंद दिवे. चिंध्या, सहा खुर्च्यांच्या पायांखालच्या चोवीस चिंध्या! आईने कुठली पुस्तकं वाचली नव्हती. ती नुसती मुलीकडे बघत राहिली होती, आणि एकेक आवाज, एकेक झगमगाट तिने लोकरीत गुंडाळून ठेवला होता. अख्खं घर तिने छोटीच्या कानाला सोसेल असं लावून दिलं होतं. दादा दुकानात जे करत होता, तेच! आणि त्याने ते आठ महिन्यांत सुरीने खरवडून काढलं, वर छोटीलाच हट्टी ठरवलं.

"आई सांगत होती मला," तो कसाबसा म्हणाला.

आजींना ऐकू गेलं नसावं, पण चेहरा वाचता येत होता. "जा घरी," त्या म्हणाल्या. "माझं यंत्र उद्या बघा."

दादाने दुकानातूनच संस्थेला फोन केला. उद्या येत नाही म्हणाला.

"पुढची तारीख देऊ का?" पलीकडून विचारलं.

"नको. अर्जातलं कारण मी चुकीचं लिहिलंय."

घरी आल्यावर त्याने घंटा वाजवली नाही, दारावर बोटाने हळूच टकटक केली. छोटीची भरलेली बॅग दाराशीच होती. त्याने कपाटातून स्वतःचा लोकरीचा जुना कोट काढला, कात्री घेतली आणि जमिनीवर बसला.

"अहो, चांगला कोट आहे तो!" वहिनी म्हणाली.

"असू दे. ते दिवे बंद करशील का? आणि पडदे कुठे आहेत आईचे?"

वहिनीने दिवे मालवले. "टाकले नव्हते मी," ती म्हणाली, आणि माळ्यावरची पेटी काढायला गेली.

तो वाटीने गोल आखत होता आणि कापत होता. एकोणीस तुकडे झाले, तेव्हा त्याला जाणवलं की छोटी दारात उभी आहे. चोवीसही लावून होईपर्यंत ती तिथून हलली नाही. मग पुढे येऊन तिने एक खुर्ची ओढली. आवाज आला नाही. तिने ती परत ढकलली. पुन्हा ओढली.

"आईची खुर्ची," छोटी म्हणाली.

दादाचे डोळे भरून आले. "चुकलो गं," तो अगदी हळू म्हणाला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवावा म्हणून त्याने हात उचलला.

छोटीने झटकन कोपर वर केलं आणि डोकं झाकून घेतलं.

तो हात तसाच खाली आला.

आता त्या गोष्टीला वर्ष होत आलं. छोटी घरीच आहे. मामा येतात ते आधी कळवून, आणि चक्क कुजबुजतात. ती कधी कान झाकते, तेव्हा दिवा मालवून सगळे गप्प होतात, आणि बहुतेक वेळा वादळ दारावरूनच जातं. कधी आत येतंही. पण मग तिला कुणी नाटकी म्हणत नाही. शर्टाला अजून तशीच इस्त्री असते. मात्र दादाने अचानक हात उचलला, अगदी चष्मा पुसायला उचलला, तरी तिचं कोपर वर जातं. चोवीस चिंध्या एका दुपारीत परत लागल्या. हे कोपर खाली यायला किती वर्षं लागतील, ते दादाला ठाऊक नाही. आणि "आई, तुझं बरोबर होतं" हे वाक्य ऐकायला तर आता कुणीच नाही.

वाचकहो, कुणाला शहाणपण शिकवण्याइतकी माझी योग्यता नाही. एवढंच मनापासून सांगावंसं वाटतं, की ज्याला आपण हट्ट म्हणतो, ती अनेकदा वेदना असते. आपल्या घरात, वर्गात किंवा कचेरीत कुणी कानांवर हात दाबून 'पुरे' म्हणालं, तर त्याचे हात खाली ओढू नका. आधी आपला आवाज खाली आणा.