रस्त्यापलीकडचा खासदार

"आली बघ अजून एक," अर्डिथ म्हणाली आणि हातातल्या सुरीसकट खिडकीशी गेली. "पांढरी गाडी. वळली, मॅव्हिसकडेच वळली."

वेंडेल बुटांच्या नाड्या बांधत होता. मका काढणीला आला होता, त्याला बायकोच्या खिडकीत रस नव्हता. "वळू दे की. रस्ता सरकारचा आहे."

"सरकारचा आहे म्हणून काय माझ्या घरापुढून कापायचा?"

"रस्ता नाही गं कापला. मतदारसंघ कापला."

"तेच ते."

अर्डिथ केसलरच्या लेखी ते खरोखरच तेच होतं. ती लग्न होऊन ओहायोच्या या कोपऱ्यात आली तेव्हा नदीकाठच्या सात काउंट्यांचा मिळून एक मतदारसंघ होता, आणि त्याचा खासदार निवडणुकीआधीच्या शनिवारी तिच्या सासूच्या टेबलावर जेवायचा. कुस्करलेल्या बटाट्यांवर वाढलेल्या चिकन-नूडल्स, आणि वर एक ढेकर. सासू गेल्यावर लाटणं अर्डिथकडे आलं आणि खासदारही. दर जनगणनेनंतर राजधानीतले लोक नकाशा घेऊन बसायचे. एकदा एक काउंटी गेली, एकदा दोन आल्या. एकदा तर मतदारसंघाला दोरीवर वाळत घातलेल्या मोज्याचा आकार आला होता. पण अर्डिथचं स्वयंपाकघर कधी हललं नाही. एका वर्षी खासदार इतक्या थोड्या मतांनी निवडून आला, की ती मतं माझ्या नूडल्सची, असं ती पुढची वीस वर्षं सांगत राहिली. वेंडेल त्यावर कधी काही बोलला नाही. संसार असेच टिकतात.

यंदा मात्र नवी रेघ थेट पाइक रोडच्या मधोमध आली. अर्डिथ पश्चिमेला, मॅव्हिस डॉब्सन पूर्वेला. अर्डिथचा नवा मतदारसंघ वर सरोवरापर्यंत लांबत गेला होता. तिथला उमेदवार कुठल्या तरी लांबच्या गावातला दातांचा डॉक्टर, त्याच्याविरुद्ध कुणी उभंच नव्हतं. तो कशाला तिच्या दाराशी येणार? मॅव्हिसच्या बाजूला मात्र काट्याची टक्कर होती. दोन्ही पक्षांची माणसं मतामतासाठी हातापाया पडत होती. टीव्हीवालेही एकदा येऊन गेले. आणि ही मॅव्हिस कोण? तर मतदानाच्या दिवशी चर्चच्या तळघरात जेवायला पहिली हजर, आणि वर जाऊन मत टाकायचं मात्र विसरून घरी जाणारी!

"तिला खासदाराचं नावसुद्धा येत नसेल," अर्डिथ म्हणाली.

"मग शिकव जाऊन. रॉय गेल्यापासून एकटीच असते बिचारी."

"एकटी? इतक्या गाड्या येतात तिच्याकडे! मेली सगळ्या गावाला कॉफी पाजते."

वेंडेलनं टोपी घातली आणि तो शेतावर गेला. अर्डिथनं कणकेचा गोळा असा आपटला, की कपाट वाजलं. तिच्या पोटात दुखत होतं, आणि ते कशानं दुखतंय हे तिला पक्कं माहीत होतं. वसंतात मॅव्हिसच्या नवऱ्याच्या, रॉयच्या दफनाला ती गेली होती, सोबत भाजलेलं हॅम नेलं होतं. त्यानंतर नव्या नकाशाची बातमी आली, आणि रस्ता ओलांडायला तिचे पाय काही उचलले नाहीत.

दुपारी नूडल्स कापून तिनं पाहुण्यांच्या पलंगावर चादर घालून वाळत पसरल्या. हात धुते तोच दार वाजलं.

दारात पन्नाशीचा उंच माणूस. टाय, हसरा चेहरा, हात आधीच पुढे केलेला. मागे अंगणात गाडी उभी, चालक आत बसलेला. हा चेहरा टीव्हीवर इतक्यांदा पाहिलेला, की तिला तो नातेवाइकासारखा वाटला. रीनहार्ट. पूर्वेकडचा खासदार, नव्या रेघेनं मॅव्हिसला मिळालेला, पुन्हा उभा राहिलेला.

"मिसेस डॉब्सन? न कळवता आलो, माफ करा."

चूक कशी झाली ते अर्डिथला एका नजरेत कळलं. टपालवाली गाडी रस्त्याच्या एकाच बाजूनं येते, म्हणून दोन्ही घरांच्या टपालपेट्या पलीकडे एकाच खांबावर होत्या. मॅव्हिसचं घर आत, मक्याच्या आड. पेट्यांपाशी थांबून कुणी इकडेतिकडे पाहिलं, तर दिसणार एकच घर. केसलरांचं.

'समोर राहते ती,' एवढंच म्हणायचं होतं. अर्डिथनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "या ना आत. जेवलात का?"

तो जेवला नव्हता. कालच्या नूडल्स होत्या, तिनं गरम केल्या, बटाट्यांवर ओतल्या. रीनहार्टनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "बाई, हे काय आहे! माझी आजी करायची असं."

"आमच्याकडे हे असंच असतं," अर्डिथ म्हणाली, आणि तिला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. ती त्याला जुन्या निवडणुका सांगू लागली. कोणता खासदार मीठ जास्त मागायचा, कोण पडला तेव्हा याच खुर्चीत बसून रडला. तो मनापासून हसत होता, टेबलाच्या कडेचं पीठ टायला लागलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. समोरची पांढरी गाडी मघाशीच निघून गेली होती. येऊ देत आता हव्या तितक्या, असं अर्डिथच्या मनात आलं.

मग रीनहार्टनं काटा खाली ठेवला. आवाज खाली आणला.

"मिसेस डॉब्सन, सैन्यानं रॉयच्या नावावरचा डाग पुसला. तो सन्मानानं परतलेला शिपाई आहे. आजपासून नाही, पहिल्या दिवसापासून. थडग्यावर सरकारी दगड लागेल, त्यावर त्याचं नाव आणि पलटण असेल. मला हे फोनवर सांगायचं नव्हतं."

अर्डिथच्या हातातला डाव हातातच राहिला.

"आई मरणाला टेकली म्हणून रजा न घेता घरी आलेला एकोणीस वर्षांचा पोरगा," तो पुढे म्हणाला. "आणि त्यासाठी पळपुटा ठरून पन्नास वर्षं मान खाली. तुम्ही माझ्या कचेरीत फोन करकरून मुलींना रडवलंत हो! तुम्ही पिच्छा सोडला नाहीत म्हणून हे झालं."

स्मृतिदिनाला माजी सैनिकांची मिरवणूक निघायची, रॉय तिच्यात कधी चालला नव्हता. फुटपाथवर मागे उभा राहायचा. 'किती तोरा या माणसाला,' असं अर्डिथ दरवर्षी म्हणायची. मोठ्यानं म्हणायची.

"मी मॅव्हिस नाही," ती म्हणाली.

"काय?"

"मी शेजारीण. ती पलीकडे राहते, त्या मक्यामागे. मी तुमच्या मतदारसंघातसुद्धा नाही."

रीनहार्टच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं. "मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आलात म्हणून," अर्डिथ म्हणाली. याहून खरं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

"बाई, ही तिच्या घरातली गोष्ट होती. पहिल्यांदा तिनं ऐकायची होती."

"हो."

तो उठला. दारापर्यंत जाऊन थांबला. "तिनं विचारलं नाही तर मी सांगणार नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही." आणि गेला. अर्डिथ खिडकीशी गेली नाही. ताट तसंच टेबलावर ठेवून ती बसून राहिली. वेंडेल आला तेव्हा म्हणाला, "कोण आलं होतं?" ती म्हणाली, "माझ्याकडे कोण येणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅव्हिस रस्ता ओलांडून आली. अंगात रॉयचं जाकीट, बाह्या दुमडलेल्या. दार न वाजवता आत आली आणि खुर्ची ओढून बसली.

"काल तुझ्याकडे जेवला ना तो?"

अर्डिथनं लाटणं खाली ठेवलं.

"माझ्याकडे कॉफीलाही नको म्हणाला. पोट भरलंय म्हणे. टायला पीठ होतं. या रस्त्यावर दुसरं कोण इतकं पीठ उधळतं?"

"मी तू असल्याचं... त्याला वाटलं आणि मी वाटू दिलं."

"कळलं ते मला." मॅव्हिसनं तिच्याकडे पाहिलं. "खासदार हवा होता तर मागायचास, अर्डिथ. दोन दिवस पाठवून दिला असता. घरच दिलं असतं तुला, मतासकट!"

"हेवा वाटायचा गं. सगळ्या गाड्या तुझ्याकडे. इथे आता कुत्रं फिरकत नाही."

"ती पोरं प्रचाराचे कागद द्यायला येतात. मी त्यांना बसवून घेते. घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून." मॅव्हिसनं बाही पुन्हा दुमडली. "तू आली असतीस तर त्यांना बसवलं नसतं."

अर्डिथला माफी मागायची होती, पण नुसत्या माफीनं भागेल असं तिला वाटेना. ती कॉफी ओतायला उठली, आणि ओतायची विसरून किटली धरून उभी राहिली.

"मी सगळं ऐकलं, मॅव्हिस. तुझ्याआधी. आणि रॉयला मी आयुष्यभर काय काय म्हणत आले..."

"त्याला माहीत होतं. हसायचा तो. म्हणायचा, तोरा समजते ना, मग बरंय, खरं विचारणार नाही." मॅव्हिसनं टेबलावरचं पीठ बोटानं गोळा केलं. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, "तो काय म्हणाला गं नक्की?"

"कोण?"

"खासदार. रॉयचं नाव घेतलंन् आणि माझ्या कानात घूं झालं. मी नुसती रडत होते. तो गेल्यावर बघते तर एक शब्द आठवेना. रात्रभर आठवत बसले. तू तर कोरडी होतीस. तू नीट ऐकलं असशील."

अर्डिथनं किटली ठेवली. हातांचं पीठ एप्रनला पुसलं आणि मॅव्हिसच्या समोर येऊन बसली. तिला शब्द न् शब्द आठवत होता.

"मिसेस डॉब्सन," ती म्हणाली, "सैन्यानं रॉयच्या नावावरचा डाग पुसला. तो सन्मानानं परतलेला शिपाई आहे. आजपासून नाही, पहिल्या दिवसापासून."

मॅव्हिसनं डोळे मिटले होते.

"परत सांग," ती म्हणाली.

अर्डिथनं परत सांगितलं.