केलर्स बेंडची दुहेरी रांग

असं समजा, तुम्ही दहा वर्षांच्या आहात. फेब्रुवारी महिना, नाकातला श्वास नाकातच गोठतोय, आणि हातात गरम जेवणाचा पत्र्याचा डबा आहे. तळाला सूप आहे, म्हणून डबा हिंदकळू द्यायचा नाही. समोर काचेचा कारखाना, फाटकावर बंदुका घेतलेले आठ पहारेकरी. रस्त्याच्या अलीकडे, पेटत्या पिंपाभोवती साठ-सत्तर संपकरी. या दोघांच्या मधून तुम्हांला जायचंय. झालं चित्र उभं? आता त्या मुलीचं नाव सांगतो : ओदिल.

इंडियानातलं केलर्स बेंड म्हणजे नदीच्या वळणावरचं चार हजार वस्तीचं शहर. निम्मी माणसं बेल्जियमहून आलेली, काच फुंकणारी. नव्या मालकांनी काच फुंकणारं यंत्र आणलं, तेव्हा या माणसांनी आपल्या लोखंडी नळ्या खांद्यावर टाकल्या आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं. त्याला आता तीन महिने झाले होते. ओदिलचे वडील एमील त्यांचे पुढारी.

भट्टी मात्र विझू द्यायची नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. भट्टी थंडावली की आतली काच थिजते आणि भट्टी तडकते. मग संप कुणीही जिंको, शहराला कामच उरत नाही. म्हणून म्हातारा बास्तियाँ आत राहून भट्टी राखायचा, आणि संपकऱ्यांच्याच परवानगीनं ओदिल त्याला रोज दुपारचं जेवण पोचवायची.

त्या जेवणात दोघांचा वाटा असे, हे ओदिलला आणि तिच्या आईलाच ठाऊक होतं. दुसरा वाटा फ्लोराँचा, ओदिलच्या वीस वर्षांच्या भावाचा. सगळ्यांना वाटत होतं, तो पिट्सबर्गला काम शोधायला गेलाय. तो होता आत, यंत्रावर. त्याच्या बायकोचे, रोझचे, दिवस भरत आले होते आणि खोलीत शेकोटीला कोळसा नव्हता.

"यंत्र येणारच गं," तो ओदिलला म्हणाला होता. "मी नाही चालवलं तर दुसरा कुणी चालवेल. पण पापांच्या कानावर घालू नकोस. जिवंत सोडायचे नाहीत मला."

ओदिल तेव्हा हसली होती.

त्या दिवशी बास्तियाँचा डबा आदल्या दिवसापासून आतच राहिला होता. आईनं सूप उतरवलं, आणि ओदिलचा हात सवयीनं भिंतीवरच्या खिळ्याकडे गेला. तिनं पापांचा डबा काढला. केलर्स बेंडमध्ये माणूस चेहऱ्याच्या आधी डब्यावरून ओळखतात, कारण सगळ्यांचे डबे वर्षानुवर्षं भट्टीजवळच्या एकाच फळीवर शेजारी शेजारी बसलेले. एमीलच्या डब्याच्या झाकणाला तांब्याचं ठिगळ होतं. ते कुणाला माहीत नव्हतं असं नाही.

"अरेच्चा!" पिंपाजवळून आशील ओरडला. हा वाद्यवृंदात ट्रॉम्बोन वाजवायचा आणि दिवसभर थट्टा करायचा. "पुढाऱ्यांचा डबा आत चाललाय! एमील, तू इथं आमच्यासोबत, आणि तुझं पोट कामावर की काय?"

सगळे हसले. एमीलही हसले. "डबा माझाच, पण सकाळपासून पोटात माझ्या कोरी कॉफी आहे, लेका. ओदिल, हा कुठला आणलास?"

"बास्तियाँ आजोबांचा आतच राहिला, पापा."

"बघू तरी पुढाऱ्यांच्या घरी काय शिजतं ते," असं म्हणत बेकरीवाल्या मादाम क्लोतिल्द पुढे आल्या आणि त्यांनी झाकण उघडलं. सूप, बटाटे, आणि वर डुकराच्या मांसाचे दोन जाड, हाडासकट भाजलेले तुकडे.

मादाम क्लोतिल्दचं हसू हळूहळू मावळलं. "बास्तियाँच्या तोंडात एक दात नाही. मी त्याला पाव दुधात भिजवून देते. हे कोण चावतं गं, पोरी?"

ओदिलनं झाकण परत घ्यायला हात पुढे केला. तिच्या बुटातली बोटं बधिर झाली होती.

"ओदिल," एमील म्हणाले. आवाज हळू होता. "कोण आहे आत?"

तेवढ्यात बाराचा भोंगा झाला. फाटकाचं छोटं दार उघडलं. रोज फ्लोराँ दाराआडून नुसता हात पुढे करून डबा घ्यायचा; आज ओदिल दाराशी आली नाही म्हणून तो बाहेर डोकावला. बघितलं, तर सत्तर तोंडं त्याच्याकडे वळलेली.

पहिला दगड कुणी मारला, ते नंतर कुणीच सांगितलं नाही. दगड फ्लोराँच्या कपाळावर बसला आणि तो दाराबाहेर कोसळला. मग सगळा घोळकाच रस्ता ओलांडून धावला. ओदिलच्या हातातला डबा गेला, ती बर्फात पडली, तिच्या बोटांवरून कुणाचा तरी खिळ्यांचा बूट गेला. पहारेकऱ्यांनी बंदुका झाडल्या, आधी वर आणि मग सरळ समोर. आशीलनं दोन्ही हात गळ्याला लावले, थट्टा करताना लावायचा तसेच. बोटांमधून रक्त उसळलं. तो गुडघ्यांवर बसला, आणि तसाच पुढे पडला. एका पहारेकऱ्याच्या जबड्यावर लोखंडी नळी बसली, ते हाड मोडल्याचा आवाज ओदिलनं ऐकला. उरलेले पहारेकरी त्याला ओढत आत पळाले आणि त्यांनी दाराला आतून अडसर घातला.

फ्लोराँ बाहेरच राहिला होता.

आशीलवर कुणीतरी कोट पांघरला. मग कुणी एक शब्द न बोलता माणसं दोन रांगांत उभी राहू लागली, समोरासमोर, फाटकापासून पुलापर्यंत. ओदिलला कळलं. चार वर्षांपूर्वीच्या संपात संप फोडणाऱ्या एकाला अशाच रांगांमधून, दोन्हीकडून मार देत चालवलं होतं. पार गेलेल्याला कुणी काही करायचं नाही आणि त्यानं पुन्हा शहरात यायचं नाही, अशी रीत. तो पार गेला होता, पण एक डोळा मागे ठेवून. ओदिलनं ते कुंपणावर बसून पाहिलं होतं. सगळ्यांबरोबर टाळ्याही वाजवल्या होत्या.

आणि तेव्हा नुसती दगडफेक झाली होती. आज तर बर्फात एक माणूस मरून पडला होता.

दोन्ही रांगांतलं प्रत्येक तोंड तिच्या ओळखीचं. केशकर्तनवाले मिस्टर हॉब्ज, हातात कुऱ्हाडीचा दांडा. मादाम क्लोतिल्द, पाव लाटायचं लाटणं घेऊन. पत्रं टाकणारा लांबट फिनी. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे जुळे भाऊ. चौथीच्या मिस टटलसुद्धा होत्या. त्यांच्या हातात काही नव्हतं, पण त्या रांगेत होत्या.

"पहिला मान घरच्याचा," फिनी म्हणाला. "रीत आहे, एमील."

एमील रांगेच्या तोंडाशी उभे होते. काच फुंकायची पाच फुटी नळी त्यांच्या हातात होती. फ्लोराँला दोघांनी उभं केलं. एक डोळा रक्तानं मिटलेला.

"पापा," तो म्हणाला, "रोझला कोळसा तेवढा पोचवा."

"तोंड उघडू नकोस!" एमील ओरडले. "तो आशील तुला मांडीवर घेऊन वाजवायला शिकवायचा रे! कुणासाठी गेला तो?"

"यंत्र येणारच होतं, पापा."

एमीलनी नळी उचलली आणि मारली. ती खांद्यावर बसली. फ्लोराँ वाकला, किंचाळला, पण पडला नाही. एमील बाजूला झाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

"चल," मिस्टर हॉब्ज म्हणाले आणि त्यांनी दांडा दोन्ही हातांनी धरला.

"ओदिल, घरी जा!" एमील मागे न बघताच म्हणाले. "आत्ताच्या आत्ता!"

ओदिल उठली. तिची दोन बोटं सुजून निळी पडली होती, म्हणून तिनं दुसरा हात पुढे केला. ती भावाच्या उजव्या बाजूला गेली, मिस्टर हॉब्ज उभे होते त्या बाजूला. तिनं त्याच्या लोंबत्या हातात आपला हात अडकवला.

"सोड मला, वेडे," फ्लोराँ पुटपुटला. "तुलाही लागेल."

"सावकाश चल," ओदिल म्हणाली. "मला तुझ्याएवढी ढांग टाकता येत नाही."

आणि तिनं पहिलं पाऊल टाकलं.