वेणा सरांचा हत्ती

सुश्रुतने बँकेतली नोकरी सोडली आणि हैदराबादला एका गेम बनवणाऱ्या कंपनीत लागला, त्याला दोन वर्षं झाली होती. निघण्याच्या दिवशी त्याचे वडील श्रीधरराव त्याला एवढंच म्हणाले होते, "खेळ खेळाचं वय गेलं, आता खेळ बनवाले चालला." सुश्रुत बॅग उचलून निघाला, आणि मग हिंगणघाटला आलाच नाही.

फोन यायचा, दर रविवारी सकाळी. सुमतीबाई मोबाईल कानाला लावून अंगणात जायच्या.

"जेवला काय?"

"अजून नाई. जेवतो."

"काम काय म्हणते?"

"चालू आहे. बाबा बरे आहेत?"

"बरे आहेत."

"बरं आई, ठेवतो."

दोन मिनिटंही होत नसत. त्यानंतर सुमतीबाई तुळशीपाशी उगाच उभ्या राहत, विचारायचं राहिलेलं एकेक आठवत.

शेजारची जया त्यांची जुनी विद्यार्थिनी. सुमतीबाईंनी मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं होतं आणि जयासारख्या कितीतरी जणी अजून त्यांना बाईच म्हणत. जया आता सूतगिरणीच्या ऑफिसात होती आणि दुपारच्या सुट्टीत मोबाईलवर 'रणसीमा' नावाचा लढाईचा खेळ खेळायची. सुश्रुतच्या कंपनीचाच तो खेळ. एकदा ती सहज म्हणाली, "बाई, तुमचा सुश्रुत तिथं केवढं लिहिते हो! खेळाडू नियमांवरून भांडतेत, अन् तो एकेकाले पानभर उत्तर देते."

"पानभर?" सुमतीबाईंनी विचारलं.

जयाने फोन पुढे केला. खेळाडूंचा मराठी गट होता. हत्तीवरून रण पेटलं होतं. कंपनीने हत्तीची ताकद कमी केली होती. कोणी लिहिलं होतं, 'हत्तीचा बैल केला राव.' कोणी खेळ सोडण्याची धमकी दिली होती. आणि खाली सुश्रुतचं उत्तर, चाळीस ओळींचं. मैदानात हत्ती भालाईतांविरुद्ध शंभरपैकी तीस लढाया जिंकतो, डोंगरात चाळीस, नदीकाठी ऐंशी. म्हणजे सरासरी पन्नास, म्हणजे बरोबरी, असं त्याने नीट समजावून सांगितलं होतं. मधे एक विनोदही होता. सुमतीबाईंनी तो विनोद दोनदा वाचला. हा मुलगा असं हसवून बोलतो, हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

मग त्यांचं लक्ष आकड्यांकडे गेलं. नववीच्या वर्गात दरवर्षी चार-पाच मुली हीच चूक करायच्या.

त्यांनी जयाकडून आपल्या मोबाईलवर खेळ टाकून घेतला. नाव काय लिहायचं म्हटल्यावर गावची नदी आठवली, 'वेणा' लिहिलं. आणि चष्मा पुसून एकेक अक्षर दाबत उत्तर टाकलं: 'तुम्हीच वर लिहिलंय की दहापैकी सात लढाया मैदानात होतात, दोन डोंगरात आणि एकच नदीकाठी. मग तिन्ही आकड्यांना सारखं वजन कसं? भारित सरासरी काढा. हत्ती सदतीसच जिंकतो.'

तासाभरात उत्तर आलं. 'वेणा सर, तुम्ही बरोबर आहात. माझी चूक झाली.'

त्या गटात सगळेच एकमेकांना सर म्हणत. सुमतीबाईंनी ती ओळ जयालाही दाखवली नाही.

पुढच्या महिन्यात हत्ती थोडा बळकट झाला. पण एका हत्तीवर भागणार नव्हतं. वाद घालायचा तर खेळ यायला हवा, म्हणून त्या दुपारी जेवणं आटोपल्यावर खेळू लागल्या. सुरुवातीला रोज हरल्या. मग जुन्या वहीच्या मागच्या पानांवर कोष्टकं मांडली आणि हरणं कमी झालं. श्रीधरराव पेपरातून डोकं वर काढून विचारत, "काय करून राह्यली?" त्या म्हणत, "गणितं."

खरा वाद पेटला माघारीवरून. लढाईतून सैन्य मागे घेतलं की तिसरा हिस्सा माणसं मरत, असा नियम होता. सुश्रुतचं म्हणणं, माघारीला किंमत नसेल तर कोणी जपून लढणार नाही. वेणा सरांचं म्हणणं, मागे फिरणाऱ्याने जमीन आधीच गमावलेली असते. त्याला दोनदा कशाला मारता? आठ महिने हा वाद चालला. इतर खेळाडू नुसते वाचत. कधी सुश्रुत चिडायचा, कधी वेणा सर. पण सकाळी पुन्हा दोघांपैकी कोणीतरी 'काल रात्री विचार केला' असं लिहून सुरुवात करायचं.

एकदा त्याने गटाबाहेर निरोप पाठवला. 'सर, तुम्ही कुठले?'

सुमतीबाईंनी खरं तेच लिहिलं. 'हिंगणघाट.'

'काय सांगता! मी तिथलाच!' आणि मग त्याची भाषाच बदलली. 'सर, नदीले पाणी आहे काय आता? बसस्टँडसमोरचा भजेवाला अजून बसते काय? इकडे भज्यात तसा तिखटपणाच नाई.'

त्या उत्तरं देत राहिल्या. पाणी गुडघाभर आहे. भजेवाला बसतो, पण आता त्याची सून तळते. आईला यातलं त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्या आनंदाने लिहायच्या आणि फोन ठेवला की पुन्हा उचलून तेच निरोप वाचायच्या. आपला मुलगा आपल्याला सापडला होता, आणि तो दुसऱ्याच कोणाशी बोलत होता.

मग एका दुपारी त्याने लिहिलं, 'सर, घरी जावं वाटते. पण तीन वर्षं झाले. बाबा काही विचारणार नाईत, तेच जास्त लागते. आईशी बोलतो तर तिच्या आवाजातच कळते का ती रडणं दाबून राह्यली. मग फोन ठेवून देतो. तुम्ही सांगा, काय करू?'

सुमतीबाईंनी लिहिलं, 'ये बाबू.' आणि पुसलं. मग लिहिलं, 'जाऊन या.' तेही पुसलं. वेणा सर म्हणून सांगितलं तर तो आला असता, नक्की आला असता. पण दाराशी येऊन तो ज्या आईला भेटला असता, तिला सगळं आधीच माहीत असतं आणि त्याला हे माहीत नसतं. असं आणलेलं येणं त्यांना नको होतं.

त्यांनी लिहिलं, 'सुश्रुत, मी सर नाही. मी आई आहे.'

निरोप वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही.

रविवारी फोन आला नाही. गटात सुश्रुतच्या जागी दुसरंच कोणी उत्तरं देऊ लागलं. दुसरा रविवारही तसाच गेला. सुमतीबाईंनी श्रीधररावांना सगळं सांगितलं. वाटलं होतं ते चिडतील. ते पेपरची घडी घालून म्हणाले, "काय लिहीत होता तो? वाचून दाखव."

त्यांनी वाचलं. हत्तीपासून वाचलं. श्रीधरराव मधे थांबवून विचारत, भालाईत म्हणजे काय, तिसरा हिस्सा म्हणजे शंभरात किती. शेवटचा निरोप सुमतीबाईंना मोठ्याने वाचवेना, फोन त्यांनी त्यांच्या हातात दिला. श्रीधरराव उठून खिडकीशी गेले.

"हुशार आहे," ते पाठमोरेच म्हणाले. "पण माघारीचा नियम चुकला त्याचा."

तिसऱ्या रविवारी फोन आला.

"आई, काऊन केलं असं?"

"तू माझ्याशी बोलत नव्हता."

"मले वाटे, जगात एक माणूस आहे जो मले ओळखत नाई, तरी माझं म्हणणं रोज ऐकून घेते. भांडते, पण ऐकते." तो थांबला. "तो माणूस गेला, आई."

"मी आहे ना, बाबू."

"तू आहेस. पण मले वेणा सरांची आठवण येते."

सुमतीबाईंनाही ती येत होती. त्या वादात सुश्रुतने त्यांना कधी जपलं नव्हतं, फटकारलं होतं. आईला तो तसं कधी बोलला नसता. फोन बराच वेळ तसाच चालू राहिला. दोघांपैकी कोणीच तो ठेवला नाही.

नोव्हेंबरात तो आला. सकाळच्या गाडीने, न कळवता. दार श्रीधररावांनी उघडलं. बाप-लेक क्षणभर उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. मग श्रीधररावांनी त्याच्या हातातली बॅग घेतली आणि आत हाक मारली, "सुमती, चहा ठेव. तिघांचा."

तीन दिवस तो राहिला. बँकेचा विषय कोणी काढला नाही. दुसऱ्या दिवशी श्रीधररावांनी त्याला एवढंच विचारलं, "तिथं तुले मन लागते ना?" तो म्हणाला, "लागते बाबा." "मग झालं," म्हणून ते पेपर वाचू लागले. रात्री जेवताना त्यांनी आपल्या ताटातली अर्धी पुरणपोळी त्याच्या ताटात सरकवली. लहानपणी तो ती मागून घ्यायचा, हे त्यांच्या लक्षात होतं.

पण सुमतीबाईंना हवं तसं बोलणं झालं नाही. घरात तो पुन्हा आईचा मुलगाच झाला होता. भाजी छान झाली म्हणायचा, औषध घेतलं का विचारायचा. समोर बसला की दोघांनाही शब्द अडायचे. रविवारच्या फोनवर जे राहून जायचं, ते इथे मांडीला मांडी लावूनही सुटत नव्हतं.

परतीच्या दिवशी त्या त्याला बसस्टँडवर सोडायला गेल्या. हैदराबादची गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवून तो वळला.

"आई, माघारीच्या नियमावर पुढच्या महिन्यात खेळाडूंचं मतदान आहे. माझं मत जुन्या नियमालेच."

"चूक करून राह्यला तू."

"मग लिही ना तसं." तो हसला. "कोणत्याही नावानं लिही. पण आई म्हणून मले सूट देजो नको."

गाडी सुटली. खिडकीतून त्याचा हात दिसला आणि उड्डाणपुलाखाली दिसेनासा झाला. सुमतीबाई तिथल्याच बाकावर बसल्या. पर्समधून चष्मा काढला आणि आजूबाजूची माणसं, भोंगे, सगळं विसरून लिहू लागल्या. पहिल्या ओळीला त्यांनी त्याला चांगलंच झापलं. तो अजून गावाबाहेरही पडला नसेल, आणि त्यांना त्याच्या उत्तराची वाट बघवत नव्हती.