साबणातून साखरेत

मी एक वॉशिंग मशीन बोलतेय. वरून झाकण असलेली, पांढरी. म्हणजे एके काळी पांढरी. सध्या माझ्या अंगाला हात लावलात तर हात चिकटेल, पण नाक मुरडू नका. ती घाण नाही, साखर आहे. गेली पाच वर्षं मी एकही कपडा धुतलेला नाही. मी मधमाश्यांसाठी पाक ढवळते.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारख्या दोनशे जणी त्याच दिवशी जन्मल्या, त्यामुळे बालपणाबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा मी तिघांच्या एका घरात होते: बाई, छापखान्यात नोकरी करणारे त्यांचे यजमान आणि एक लेक. चौदा वर्षं मी त्यांचे कपडे धुतले. माणसाची खरी ओळख खिशातून होते, असं माझं मत आहे. डॉक्टरांसमोर गोड बंद केल्याची शपथ घेणाऱ्या यजमानांच्या शर्टातून मी दर आठवड्याला चॉकलेटचे कागद काढत होते. मी कुणाला काही बोलले नाही. जाळीत अडकलेले कागद बाईंना सापडायचे, आणि त्याही बोलायच्या नाहीत. संसार असाच चालत असावा.

पुढे लेक कमावती झाली, परगावी गेली आणि आईसाठी नवी मशीन पाठवून दिली. समोर काचेचा गोल डोळा असलेली, काम संपलं की गाणं म्हणणारी. माझी रवानगी मागच्या शेडमध्ये झाली. माझ्यावर आधी वर्तमानपत्रांचा गठ्ठा आला, मग रिकाम्या कुंड्या, मग एक मोडकी छत्री. दोन वर्षं मी टेबल होते.

पण शेडमध्ये मला करमणूक होती. घरामागच्या उतारावर बाईंच्या मधमाश्यांच्या चाळीस पेट्या होत्या आणि त्यांचं सगळं सामान माझ्या शेजारी. फुलं संपली की पुढचा बहर येईपर्यंत माश्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. बाई मोठ्या पातेल्यात पाणी तापवायच्या, पिंपात ओतायच्या, पाण्याच्या दुप्पट साखर घालायच्या आणि वल्ह्याएवढ्या लाकडी दांड्याने ढवळत बसायच्या. तळाला बसलेली साखर फार हट्टी असते. तासभर ढवळल्याशिवाय ती कुणाचं ऐकत नाही.

यजमान तोवर निवृत्त झाले होते. निवृत्त झालेला माणूस घरातली एखादी धडधाकट वस्तू शोधतो आणि ती दुरुस्त करतो. मिक्सर, दाराची कडी, भिंतीवरचं घड्याळ, कशालाच त्यांनी सोडलं नाही. बाई त्यांना इंजिनियर म्हणू लागल्या. माश्यांच्या बाबतीत मात्र इंजिनियरांचं ज्ञान कुंपणाच्या फाटकापाशी संपायचं. कधी तरी एक माशी त्यांच्या पापणीला चावली होती. तेव्हापासून फाटकापलीकडे त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

मग ते वाईट वर्ष आलं. ऐन बहरात गरम वारं सुटलं आणि आठवड्यात सगळा फुलोरा करपून गेला. त्यात बाईंचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरांनी वजन उचलायला आणि ढवळायला सक्त मनाई केली.

एका सकाळी बाई पेट्या बघून शेडमध्ये आल्या आणि साखरेच्या पोत्यावर बसल्या. पेटी मागून जराशी उचलली की आत किती मध शिल्लक आहे ते त्यांना हाताला कळायचं.

"सगळ्या हलक्या लागतायत," त्या म्हणाल्या. "चार-पाच दिवस काढतील. पुढे नाही."

इंजिनियर दारात उभे होते. "या वर्षी राहू दे ना. खांदा बघ आधी."

"तुम्ही चार दिवस जेवण राहू द्या, मग आपण बोलू."

इंजिनियरांची नजर शेडभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. त्यांनी छत्री उचलली, कुंड्या उतरवल्या, गठ्ठा बाजूला केला.

"हे काय? माश्यांचे कपडे धुणार आहात?"

"हिच्या पोटात पंखा आहे. कपडे फिरवते, तर साखर का नाही फिरवणार?"

बाईंनी झाकण उघडून आत बघितलं. "चौदा वर्षांचा साबण आहे तिच्यात. साबणाचं पाणी माशीला विष."

मग सुरू झाले माझे हाल. दोन दिवस इंजिनियर माझ्या पोटात डोकं घालून होते. आतलं पिंप बाहेर काढलं, व्हिनेगरने घासलं, नळी बदलली, पाणी सोडायच्या जागी तोटी बसवली. माझ्यातून निघालेला ऐवज म्हणजे एक मोजा, तीन बटणं आणि लेकीची हरवलेली केसांची पिन. पिन त्यांनी पुसून खिशात ठेवली. दोनदा बाईंनी आत वाकून वास घेतला आणि दोनदा म्हणाल्या, "अजून येतोय." तिसऱ्यांदा त्यांनी मला नुसतं पाणी भरून फिरवलं, त्यातलं पेलाभर बाटलीत घेऊन खळखळ हलवलं. फेस आला नाही. उरलेला घोट त्यांनी पिऊन टाकला. "चालेल," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई खांद्याला शेक घेत आत पडल्या होत्या. आपण सगळं तयार ठेवू आणि तिला चकित करू, असं इंजिनियरांनी ठरवलं. नुसतं पाणी तापवायचं सोडून त्यांनी साखरही पातेल्यातच टाकली, म्हणजे लवकर विरघळेल, आणि खाली जाळ ठेवून माझ्या मोटरचा पट्टा ताणायला आले. पट्टा छान ताणला गेला. पाक करपला.

तरी त्यांनी तो माझ्यात ओतला. फिरवून बघितला. रंग चहासारखा झाला होता, वास मात्र खमंग. घरातली निम्म्याहून जास्त साखर त्यात गेली होती. ते काठाला धरून बराच वेळ उभे राहिले. दाराकडे बघितलं, पुन्हा माझ्यात बघितलं. पातेलं घासून ठेवलं असतं आणि वर पांढरी साखर घालून ढवळलं असतं, तर रंग निवळला असता. माझ्याकडून काही धोका नव्हता. चॉकलेटच्या कागदांचं मी कधी कुठे बोलले होते?

मग त्यांनी हात पुसले आणि आत गेले.

बाई आल्या, त्यांनी बोट बुडवून चाखलं. "करपलेला माशीला पचत नाही. पोट बिघडून मरतात."

"माहीत नव्हतं मला. पण रंग बघून वाटलं, विचारावं."

"न विचारता दिला असता तर मला कळलंही नसतं."

"म्हणूनच विचारलं."

बाई रागावल्या नाहीत, आणि त्यामुळे इंजिनियर जास्त घाबरले. पाक उघड्यावर ओतायची सोय नव्हती. सांडलेल्या गोडावर चाळीस पेट्यांच्या माश्या तुटून पडतात, आणि मग एकमेकींच्या पेट्याही लुटायला जातात. इंजिनियरांनी खोल खड्डा खणला, पाक त्यात ओतला आणि वर माती दाबली. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात नीट झालेली दुरुस्ती असावी.

उरलेली साखर माझ्या एका पोटापुरती होती, आणि नवी पोती यायला आठवडा लागणार होता. पुन्हा चुकायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी, या वेळी बाई पोत्यावर बसून सांगत होत्या. पाणी कढत झालं की उतरवा. आता ओता. आता साखर, पण थोडी थोडी. इंजिनियरांनी थोडी थोडी म्हणून अर्धं पोतं टाकलं आणि माझा पंखा साखरेत रुतला. मी नुसती घुमत राहिले. कपड्यांचं ओझं मला ठाऊक होतं, हे ओझं वेगळंच. आपण इथेच जळून जाणार, असं मला वाटलं.

"बंद करा," बाई म्हणाल्या. डाव्या हाताने त्यांनी लाकडी दांडा घेतला, तळातली साखर मोकळी केली. "आता लावा. हळू."

पंखा हलला. अडखळत फिरला. मग फिरतच राहिला. वीस मिनिटांनी माझा तळ स्पष्ट दिसायला लागला, त्यावरच्या ओरखड्यांसकट. पाक पाण्यासारखा नितळ.

तो निवेपर्यंत दिवस कलला. बादल्या भरल्या. बाईंना एकही उचलवेना.

"फाटकापर्यंत आणून देतो," इंजिनियर म्हणाले.

"आणि फाटकापर्यंत पेट्या चालत येणार?"

इंजिनियरांनी खुंटीवरची जादा जाळीची टोपी काढून डोक्यावर घातली, उलटी. बाईंनी ती डाव्या हाताने सरळ केली आणि जाळीचं टोक त्यांच्या कॉलरमध्ये खोचलं. मी शेडच्या दारातून बघत होते. दोन टोप्या फाटकातून पलीकडे गेल्या, एक पुढे, एक मागे. मागची फार सांभाळून चालत होती. त्या संध्याकाळी त्यांच्या अशा बऱ्याच खेपा झाल्या. इंजिनियरांना मनगटावर एक माशी चावली आणि ती हकिगत त्यांनी लेकीला फोनवर दोनदा सांगितली.

छत्तीस पेट्या तगल्या. चार गेल्या.

"माझ्यामुळे एक दिवस वाया गेला, म्हणून?" त्यांनी एकदा विचारलं.

"त्या आधीच दुबळ्या होत्या," बाई म्हणाल्या. हे खरं की त्यांना बरं वाटावं म्हणून, ते मला ठाऊक नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

आता मला खाली चाकं आहेत. माझं बटण पक्कडीने फिरवावं लागतं, पायाशी मुंग्यांचा राबता असतो. बाईंचा खांदा पुष्कळसा सुटला आहे, तरी बादल्या इंजिनियरच नेतात. घरातली गाणारी मशीन मध्येच कसला तरी आकडा दाखवून रुसते म्हणे. मी हसत नाही, पण ऐकते.

माझं मागणं फार नाही. मी थांबले की हळहळू नका. कुणाच्या तरी अडगळीत माझ्यासारखी एखादी कुंड्या सांभाळत उभी असेल, तिला आणा. तीनदा धुवा. पण ती येईपर्यंत या दोघांना एकमेकांशी बोलायला काही तरी लागेल, तेवढी माझी कुरकुर चालू राहू दे.

बरं, पुरे. पाणी उतरवलंय. "झाकण काढू का?" असं इंजिनियर विचारतायत, आणि बाई म्हणतायत, "विचारता काय, काढा."