विश्रामचं लॉगिन

विश्राम वारून दीड वर्ष होत आलं होतं, आणि तरी तो रोज सकाळी पावणेसहाला कामावर हजर होत असे.

शुभदा साडेआठला डोंबिवलीच्या लॅबमध्ये यायची, मागच्या खोलीतला एसी लावायची, चहाचा कप सर्व्हरच्या शेजारी ठेवायची (हे नियमात बसत नव्हतं, पण नियम करणारीही तीच होती) आणि लॉग उघडायची. लॉग म्हणजे सर्व्हरचं हजेरीपुस्तक. कोण कधी आत आलं, कोणाचा पासवर्ड चुकला, सगळं तिथे आपोआप उमटतं. त्यातली दिवसाची पहिली ओळ ठरलेली: पावणेसहा, विश्राम, लॉगिन यशस्वी. तिला अर्थातच ठाऊक होतं की हे भूत नाही. रिपोर्टांचा बॅकअप घेण्याचं काम विश्रामने बारा वर्षांपूर्वी स्वतःच्या नावावर लावून ठेवलं होतं, आणि माणूस गेला म्हणून मशीन काही सुतक पाळत नाही. पण ती ओळ डोळ्यांखालून गेल्याशिवाय तिला चहा घेतल्यासारखं वाटत नसे.

लॅब रक्त-लघवी तपासणीची. मुख्य जागा डोंबिवलीत, आणि ठाण्यापासून शहाडपर्यंत नमुने गोळा करणारी पाच केंद्रं. शुभदा तिथे रिपोर्ट टाइप करायला लागली तेव्हा सगळ्या कॉम्प्युटरांचा मिळून विश्राम एकटाच वाली होता. लॅबच्या मालक डॉक्टरांना मशीनवर पैसे घालायला आवडायचं, सॉफ्टवेअरवर नाही, कारण ते दिसत नाही. मग विश्राम सगळं फुकटचं शोधून आणायचा. "फुकट आहे म्हणून हलकं समजू नकोस," तो म्हणायचा. "ज्याने लिहिलंय ना, त्याला स्वतःला हाच त्रास झालेला असतो." त्याचं बघून आणि बाकीचं आपलं आपण वाचून ती शिकली. कॉमर्सची पदवी, इंग्रजी कच्चं. पण एरर वाचायला जेवढं लागतं तेवढं आलं.

पहिलं वर्षभर ती त्याला विश्रामभाऊ म्हणत होती. मग 'भाऊ' गळलं आणि त्याजागी काही आलंच नाही. नुसतं 'अहो' राहिलं. सोळा वर्षं दोघांनी त्या मागच्या खोलीत एकमेकांसमोर डबे उघडले. तो कल्याणला भावाच्या घरात एका खोलीत राहायचा, ती ठाकुर्लीला आईबरोबर, आणि आई गेल्यावर एकटी. यात काय होतं आणि काय नव्हतं, ते लॅबमध्ये कोणी विचारलं नाही. त्या दोघांनी तर मुळीच नाही.

सोमवारी संचिताचा व्हिडिओ कॉल आला. लॅबच्या प्रमाणपत्राचं नूतनीकरण होतं, आणि कॉम्प्युटरचा भाग तपासायला ही तिशीतली, नीटनेटकी मुलगी नेमली होती. तिने यादी वाचायला घेतली आणि मध्येच थांबली.

"मॅडम, हे विश्राम कोण? ॲडमिन आहेत. पासवर्ड कधीच संपत नाही असं सेटिंग आहे. आज सकाळी दोनदा लॉगिन झालेत."

"ते वारले," शुभदा म्हणाली.

"ओह. कधी?"

"गेल्या वर्षी फेब्रुवारीत."

संचिताने यादीवर खूण केली. मग फार मऊ आवाजात म्हणाली की शुक्रवारपर्यंत खातं बंद झालेलं दिसलं पाहिजे, नाहीतर तिला लाल शेरा मारावा लागेल. शुभदा हो म्हणाली. अशा खात्यांचं काय करायचं हे तिला कोणी शिकवायला नको होतं. गेलेल्या माणसाचं खातं त्याच दिवशी बंद करायचं, ही पहिल्या इयत्तेतली गोष्ट. इतरांची तिने तशी केली होती, कोणी राजीनामा टेबलावर ठेवायच्या आत. हे एकच राहिलं होतं. विसरून नव्हे.

खातं नुसतं बंद करूनही चालणार नव्हतं. त्याच्या नावावर जे जे चालू होतं ते सगळं त्याच क्षणी गप्प बसलं असतं, आणि काय काय ते गप्प बसल्यावरच कळलं असतं. मग तिने 'ऑटोरन्स' लावलं. हे एक फुकटचं, छोटंसं टूल आहे. मशीनमध्ये आपोआप काय काय सुरू होतं त्याची यादी समोर मांडतं. जोडीला शेड्यूल केलेल्या कामांची यादी काढली. मंगळवार-बुधवार दोन दिवस ती एकेका मशीनवर विश्रामला शोधत होती. बॅकअप रोजचा, बाकीची आठवड्या-महिन्याने चालणारी, अशी एकूण सात कामं निघाली. प्रत्येक कामाच्या वर्णनाच्या चौकटीत, जिथे कोणीच काही लिहीत नाही, तिथे त्याने लिहिलं होतं. जुन्या फाइली काढणाऱ्या कामावर: 'टाकी भरली की ओतायची.' घड्याळं जुळवणाऱ्या कामावर: 'ठाण्याचं मशीन नेहमी चार मिनिटं मागे, तिथल्या लोकांसारखं.' आणि एकावर: 'हे का लागतं मला माहीत नाही, पण बंद करू नये.' ती एकटीच हसली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा हसणं लवकर संपलं.

सगळी कामं तिने एका नव्या खात्यावर बदलून दिली. ते कोणा माणसाचं नव्हतंच; कामापुरतं केलेलं, विचित्र अक्षरांचं नाव. गुरुवारी सकाळी पावणेसहाच्या ओळीत तेच नाव होतं. बॅकअप व्यवस्थित झाला होता.

पण संचिता म्हणाली होती, दोनदा. दुसरं लॉगिन गुरुवारीही होतं: सात वाजून दहा मिनिटं, विश्राम, शहाड केंद्र. शुभदाने इथूनच शहाडच्या मशीनचा लॉग उघडला. प्रत्येक लॉगिनपुढे एक आकडा असतो. चार म्हणजे ठरवून दिलेलं काम आपोआप चाललं. पाच म्हणजे विंडोजच्या मागच्या घरातलं काही. तिथे दोन होता. दोन म्हणजे कोणीतरी खुर्चीत बसलं आणि हाताने पासवर्ड टाकला.

इतके महिने ती पहिल्या ओळीवर थांबत आली होती. त्याच्याखाली तिने बघितलं नव्हतं.

फोन करून विचारता आलं असतं. तिने पर्स उचलली, डॉक्टरांच्या केबिनमध्ये डोकावून शहाडला जाऊन येते म्हणून सांगितलं, आणि कल्याणहून पुढे रिक्षा केली. वाटेत तिने ठरवलं की आवाज चढवायचा नाही.

शहाडचं केंद्र म्हणजे रस्त्यालगतचा एक गाळा. एक खुर्ची, एक फ्रिज, एक टेबल आणि नंदा. नंदाला ती फोनवरच्या आवाजाने ओळखत होती: पन्नाशीची, मूळची कणकवलीकडची, नवरा गेलेला, रक्त काढायला हात असा हलका की लहान पोरंसुद्धा रडत नाहीत म्हणे. सकाळी उपाशीपोटी येणाऱ्यांची गर्दी दहापर्यंत. त्यानंतर संध्याकाळपर्यंत गाळ्यात पंखा आणि ती. शुभदा आत आली तेव्हा स्क्रीनच्या कोपऱ्यात विश्रामचं नाव होतं, आणि नंदाने ते झाकायचा काही प्रयत्न केला नाही.

"त्यांनीच दिलेला पासवर्ड," ती म्हणाली. "माझ्या नावाने बसलं की लेबलं निघतच नाहीत ताई. म्हणाले, तात्पुरतं माझ्या नावाने काढ."

"कधी म्हणाले?"

"सातएक वर्षं झाली."

शुभदा खुर्चीत बसली. विश्रामचं खातं म्हणजे सगळ्या कुलपांची किल्ली. सहा जागांची मशीनं, सगळे रिपोर्ट, डॉक्टरांची खासगी पत्रंसुद्धा. सात वर्षं ही किल्ली शहाडच्या नंदाच्या हातात होती, आणि तिने त्यातून बाटल्यांवर चिकटवायची लेबलं छापली. पासवर्ड आईलाही सांगायचा नाही, आई शेजारणीला सांगते, हे शुभदाला शिकवणारा माणूस तोच. शुभदाला त्याने स्वतःचा पासवर्ड सोळा वर्षांत कधी सांगितला नव्हता. तिने मागितलाही नव्हता. आता उगाच ते बोचलं.

तिने पेन ड्राइव्ह लावला आणि 'प्रोसेस मॉनिटर' सुरू केलं. हेही फुकटचं. एखादा प्रोग्राम विंडोजकडे काय काय मागतो आणि विंडोज त्याला काय उत्तर देतं, ते हे ओळीओळीने दाखवतं. नंदाच्या स्वतःच्या नावाने बसवून तिला एक लेबल काढायला लावलं. हजारो ओळी धावल्या. त्यांतल्या फक्त नकार मिळालेल्या ओळी तिने बाजूला काढल्या. एकच उरली. लेबलाचा प्रोग्राम स्वतःच्याच फोल्डरमध्ये एक आकडा लिहू पाहत होता, आणि नंदाच्या नावाला तिथे लिहायची परवानगी नव्हती. शुभदाने त्या एका फोल्डरवर तेवढी परवानगी दिली. प्रिंटरने घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि लेबल बाहेर आलं.

बारा मिनिटं लागली होती. हे तिला विश्रामनेच शिकवलं होतं, पहिल्याच वर्षी, रिपोर्ट टाइप करायच्या प्रोग्रामवर. आधी बघ कोण नाही म्हणतंय, मग बाकीचं. म्हणजे त्याला हे येत नव्हतं असं तर नव्हतंच.

"एवढंच होतं?" नंदाने लेबल हातात धरून विचारलं.

"एवढंच."

"ते तर एक आड एक गुरुवारी यायचे हा प्रिंटर बघायला. बघायचे थोडाच वेळ. मग बसायचे. मी त्या दिवशी आंबोळ्या आणायची." नंदाने लेबलाची कड नखाने सारखी केली. "मी एकदा म्हटलेलं त्यांना, कायमचं नीट करून टाका की. तर म्हणाले, असू दे गं, तेवढंच येणं होतं."

शुभदाला ते गुरुवार आठवले. शहाडचा प्रिंटर फार त्रास देतो म्हणून तो डबा न खाता निघायचा आणि ती मागच्या खोलीत एकटीने जेवायची. घास घेताना तिला त्याची दया यायची: बिचारा, उन्हातान्हाचा कुठे शहाडला. इतक्या सगळ्या गुरुवारांची दया आता परत मागता येण्यासारखी नव्हती. तिला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. पण समोरची बाई दीड वर्षात या गाळ्यात पेशंट सोडून कोणाशी काय बोलली असेल, याचा हिशेब ती करत बसली आणि रागाचं काही जमलं नाही.

"सकाळी शटर वर केलं की पहिलं त्यांचं नाव यायचं," नंदा म्हणाली. "सवय झालेली."

शुभदाने कीबोर्ड पुढे ओढला. तिथूनच ती सर्व्हरला जोडली गेली, खात्यांची यादी उघडली आणि विश्रामच्या नावावर थांबली. नंदा खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिली.

"पुसून टाकणार?"

"पुसत नाहीत. बंद करतात आधी." शुभदाचा आवाज कामाचा होता, तो तसाच ठेवणं बरं पडत होतं. "प्रत्येक खात्याला आतून एक नंबर असतो. नाव पुसलं आणि उद्या त्याच नावाचं, अक्षर न् अक्षर तसंच नवीन केलं, तरी विंडोज त्याला जुना माणूस म्हणून ओळखत नाही. तो नंबर परत मिळत नाही."

"नाहीच मिळत," नंदा म्हणाली.

शुभदाने बटण दाबलं. नावाशेजारच्या चित्रावर एक बारीकसा खाली जाणारा बाण आला. बाकी काहीच झालं नाही. पंखा चालू होता, बाहेर कोणीतरी रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होतं.

ती निघताना नंदा म्हणाली, "म्हणजे आता तुम्हाला यायला लागणार नाही."

"नाही," शुभदा म्हणाली, आणि पायरी उतरताना तिला वाटलं, काम जरा जास्तच चांगलं झालं.

शुक्रवारी तिने संचिताला मेल पाठवला. संचिताने आभार मानले आणि तीस दिवसांनी खातं कायमचं काढून त्याचाही फोटो पाठवायला सांगितलं. शुभदाने कॅलेंडरवर तारीख लिहिली, कशाची ते लिहिलं नाही. शनिवारी ठाण्याचं नेट गेलं, ते आलं. रविवार ठाकुर्लीत कपडे वाळवण्यात गेला.

सोमवारी अकराच्या सुमारास मागच्या खोलीतला फोन वाजला. शहाडचा नंबर होता. शुभदाने पेन ओढलं, वहीचं कोरं पान काढलं.

"बोला नंदाताई, काय बंद पडलं?"

"काही नाही," नंदा म्हणाली. "सगळं चालू आहे. लेबलं पण निघतायत."

यावर काय बोलतात ते शुभदाला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत या खोलीत असा फोन आला नव्हता. पलीकडेही बहुधा पुढचं वाक्य ठरवलेलं नव्हतं, कारण बराच वेळ तारेतून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

"बरं," शुभदा म्हणाली.

"हं," नंदा म्हणाली, आणि फोन ठेवला नाही.

शुभदाने पेनाचं टोपण लावलं. "आज किती आले सकाळपासून?"

"अकरा," नंदा म्हणाली. "त्यातला एक सुई बघून उठूनच गेला. एवढा मोठा माणूस, ताई, मिशा ह्या एवढ्या," आणि ती सांगायला लागली.