मागचं बघ

दांडीच्या बाजारात मासळी विकताना हंसाची जीभ एकदा सुटली की गिऱ्हाईक भाव करायचं विसरायचं. पण बोईसरच्या कंपनीत हीच हंसा पॅकिंगच्या टेबलावर मान खाली घालून खोकी चिकटवत बसे. तीच खुर्ची, तोच पंखा. तिथे तिला कोणी काही विचारत नव्हतं, आणि तेच तिला गोड लागत होतं.

खोक्यांच्या थप्प्या उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाडीचा ड्रायव्हर गावी गेला तो परतलाच नाही. तेव्हा सुपरवायझर प्रदीपने टेबलावरच्या बायकांना विचारलं, "शिकणार का कोणी? परवाना कंपनी काढून देईल." सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या. हंसाच्या तोंडून "मी" कसं निघालं ते देवच जाणे.

पहिल्याच आठवड्यात तिने खोक्यांची थप्पी पाडली. ही गाडी वळते मागच्या चाकांवर. हंसाचं सगळं लक्ष समोर, आणि मागचा भाग गेला भलतीकडेच. प्रदीप ओरडला नाही. म्हणाला, "हंसाताई, शनिवारी मोठ्या साहेबांना चालवून दाखवायची. नाहीच जमलं तर टेबल आहेच."

ते 'टेबल आहेच' तिला फार झोंबलं, कारण मनातून तिला टेबलच हवं होतं.

तिचा नवरा महादू तांडेल, स्वतःची होडी चालवणारा. जाळं शिवता शिवता त्याने सगळं ऐकलं. "पुढनं बरोबर जाते, न मागचं ढुंगण भिंतीला लागते!" हंसा रडकुंडीला येऊन म्हणाली. महादू पोट धरून हसला.

"अगं, मग ती होडीच हाय! होडी पन मागनंच फिरते. नाकाकडं कशाला बघते?"

दुसऱ्या दिवशी भरतीला त्याने तिला खाडीत नेलं आणि सुकाणू तिच्या हातात दिलं. बाईने सुकाणू धरायचं नाही, ही त्यांच्या घरातली रीत. महादू समुद्राला भीत नसे, आईला भीत असे. त्या दिवशी आई काठावरून बोंबलत होती आणि हा गडी ढिम्म.

"आईकडं बघू नको. मागचं बघ," तो म्हणाला.

होडी दोनदा चिखलात रुतली, मग एकदाची खाडीतल्या खांबाला न लागता वळली. हंसाला नवऱ्याचं एवढं कौतुक लग्नातही वाटलं नव्हतं.

शनिवारी अरुंद गल्लीत वळताना गाडीचा मागचा भाग थप्पीच्या अगदी जवळ गेला. हंसाने गाडी थांबवली. पूर्वीची हंसा तिथेच उतरून टेबलाकडे पळाली असती. ही वळून मागे बघत राहिली, थोडी पुढे, थोडी मागे करत सावकाश बाहेर निघाली.

"वेळ फार लावलात," साहेब म्हणाले.

"लावला. पन पाडलं काय नाय," हंसा खणखणीत आवाजात म्हणाली. साहेबांना हसू आलं. सोमवारपासून गाडी तिची झाली.

त्या शनिवारी कंपनी सुटल्यावर बघते तर गेटबाहेर महादू उभा. ऐन हंगाम, गावच्या सगळ्या होड्या पहाटेच समुद्रात गेलेल्या.

"तुमी? बोटीवर नाय गेला?"

"वारा होता," महादू इकडेतिकडे बघत म्हणाला.

गेटवरचा वॉचमन हसला. "भाभी, सुबह से यहीं बैठे हैं. अंदर जरा आवाज हुआ कि पूछते हैं, कुछ गिरा क्या?"

समोरच्या बदामाचं पानसुद्धा हलत नव्हतं. हंसाचे डोळे भरून आले.

"होता खरा," ती म्हणाली. "लय होता."